टाकीतल्या पाण्याची पातळी मोबाइलवर: आर्डुइनोचे ब्लूटूथ संदेश घेणारे ॲप कसे बनवावे

गच्चीवरची टाकी किती भरली हे बघायला दर वेळी शिडी चढायची गरज नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर (ऐकू न येणारा आवाज सोडून तो परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढणारा), त्याला जोडलेला आर्डुइनो उनो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड आणि एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल, एवढ्या सामानात काम होते. ॲप आपणच बनवायचे, एमआयटी ॲप इन्व्हेंटरमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये ठोकळे जोडून. कोटलिन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर अँड्रॉइड स्टुडिओ आहेच. पण पहिल्या ॲपसाठी मी ॲप इन्व्हेंटरच सुचवेन, कारण खरी अडचण संदेश नीट वाचण्यात असते आणि इथे सगळे लक्ष तिकडेच देता येते.

सामान घेण्याआधी घरात कोणते फोन आहेत ते बघा. एचसी-०५ क्लासिक ब्लूटूथवर चालते आणि आयफोनवरची साधी ॲप त्याच्याशी जोडली जात नाहीत. आयफोनसाठी ब्लूटूथ लो एनर्जी असलेला ईएसपी३२सारखा बोर्ड घ्यावा लागतो आणि ॲपची मांडणीही बदलते. पुढचे सगळे अँड्रॉइडसाठी आहे.

जोडणी

मॉड्यूलला उनोवरून ५ व्होल्ट आणि ग्राउंड द्या. मॉड्यूलची टीएक्सडी (पाठवणारी पिन) उनोच्या १० नंबरच्या पिनला जाईल, आरएक्सडी (घेणारी पिन) ११ नंबरला. ही दुसरी वायर मात्र थेट लावू नका. उनोची पिन ५ व्होल्ट देते आणि आरएक्सडीला ३.३ व्होल्टच हवेत. पिन ११ आणि आरएक्सडी यांच्या मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर टाका, आणि आरएक्सडीपासून ग्राउंडला २ किलोओहमचा. थेट जोडूनही चालते असे अनेक जण सांगतील, पण मॉड्यूल जळण्याचा धोका पत्करण्याइतके रेझिस्टर महाग नाहीत. ० आणि १ या पिना मोकळ्या ठेवा. यूएसबी त्याच वापरते, त्यामुळे तिथे मॉड्यूल लावले की प्रोग्राम अपलोड होताना अडतो.

सेन्सरची ट्रिग (आवाज सोडायला सांगणारी पिन) ७ ला, एको (परतीचा आवाज कळवणारी) ८ ला.

आर्डुइनोचा प्रोग्राम

सॉफ्टवेअरसिरियल लायब्ररी घेऊन १० आणि ११ या पिनांवर ९६०० बॉडचा (बॉड म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग) पोर्ट उघडा. ट्रिगला १० मायक्रोसेकंदांचा पल्स द्या आणि आवाज परत यायला लागलेला वेळ एकोवर मोजा. मायक्रोसेकंदांना ०.०३४ ने गुणून २ ने भागले की सेंटिमीटरमध्ये अंतर मिळते. हा पूर्णांक दर सेकंदाला ब्लूटूथवर पाठवा, पण ‘प्रिंट’ने नाही, ‘प्रिंटएलएन’ने. त्याचे कारण पुढे येतेच.

आता फोनच्या सेटिंगमध्ये एचसी-०५ पेअर करा. त्यासाठी विचारला जाणारा पिन क्रमांक बहुधा १२३४ असतो, क्वचित ००००. ॲपला हात लावण्याआधी प्ले स्टोअरवरचे एखादे ब्लूटूथ टर्मिनल ॲप उघडून आकडे येतात का ते तपासा. मॉड्यूलचा दिवा भराभर लुकलुकत असेल तर जोडणी झालेली नाही. जोडणी झाली की तो दोनदा लुकलुकून थोडा थांबतो. आकड्यांऐवजी विचित्र चिन्हे दिसली तर बॉड रेट जुळत नाही असे समजा. ही चाचणी टाळली तर नंतर चूक वायरिंगमध्ये आहे की ॲपमध्ये, हे शोधत बसावे लागते.

ॲप

ॲप इन्व्हेंटरच्या डिझायनरमध्ये, म्हणजे पडदा मांडायच्या पानावर, एक लिस्टपिकर (यादीतून निवडायचे बटण), एक लेबल, एक क्लॉक आणि एक ब्लूटूथक्लायंट ठेवा. लिस्टपिकरच्या ‘बिफोरपिकिंग’मध्ये यादी म्हणून ब्लूटूथक्लायंटचे ‘ॲड्रेसेसअँडनेम्स’ द्या. या यादीत फक्त पेअर केलेलीच उपकरणे दिसतात. ‘आफ्टरपिकिंग’मध्ये निवडलेल्या उपकरणाला ‘कनेक्ट’ करा. अँड्रॉइड १२ किंवा पुढचे असेल आणि यादी रिकामी आली, तर ॲपला ‘जवळपासची डिव्हाइस’ ही परवानगी मिळाली आहे का ते बघा.

आता मुख्य भाग. क्लॉकच्या ‘टायमर’मध्ये ‘बाइट्सअव्हेलेबलटूरिसीव्ह’ शून्यापेक्षा जास्त आहे का ते पाहायचे आणि ‘रिसीव्हटेक्स्ट’ने मजकूर घ्यायचा. जितके बाइट आले तितके वाचून टाका, असे बहुतेक ठिकाणी दाखवतात. तसे करू नका. ब्लूटूथच्या या जोडणीतून संदेश सुटे सुटे येत नाहीत, बाइटची सलग धार येते. टाकी जवळपास रिकामी आहे आणि आर्डुइनोने ११८ पाठवले असे धरा. टायमर नेमका मध्येच वाजला तर ॲपला आधी १ मिळेल आणि मग १८. सेन्सरपासून तळ १२० सेंटिमीटरवर आणि भरलेल्या टाकीतले पाणी २० वर असेल, तर १ चा अर्थ ११९ टक्के होतो आणि १८ चा १०२. रिकामी टाकी पडद्यावर ओसंडून वाहू लागते!

म्हणून संदेश कुठे संपतो हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून घ्यायचे. ‘प्रिंटएलएन’ प्रत्येक आकड्यानंतर १३ आणि १० हे दोन बाइट पाठवते. ब्लूटूथक्लायंटचा ‘डिलिमिटरबाइट’ (संदेश संपल्याची खूण) १० करा आणि ‘रिसीव्हटेक्स्ट’ला बाइटची संख्या म्हणून उणे १ द्या. आता १० येईपर्यंत ॲप वाचत राहील आणि पूर्ण ओळच हातात येईल. शेवटी चिकटलेला १३ ‘ट्रिम’ने काढा. जोडणी झाल्यावरची पहिली ओळ अर्धवट असू शकते, तेवढी टाकून द्या. पुढची प्रत्येक ओळ ‘इज नंबर’ने तपासूनच गणितात घ्या. १२० मधून अंतर वजा करा, १०० ने भागा आणि १०० ने गुणा. ज्या १०० ने भागले ते इथल्या १२० आणि २० मधले अंतर आहे, तुमच्या टाकीचे वेगळे असेल.

टायमर २०० मिलिसेकंदांवर ठेवा. आर्डुइनो जितक्या वेगाने पाठवतो त्यापेक्षा ॲप सावकाश वाचत असेल, तर न वाचलेल्या ओळी साचत जातात आणि पडद्यावर मिनिटभरापूर्वीची पातळी दिसते.

एक काम राहिले, आणि ते बरेच जण सोडून देतात. मॉड्यूलची वीज गेली तरी जोडणी आहे का हे सांगणारे ‘इजकनेक्टेड’ लगेच नकार देईलच असे नाही. लेबलवर शेवटचा आकडा तसाच राहतो आणि घरातले त्यावर विसंबून मोटर चालू करत नाहीत. प्रत्येक ओळ आली की क्लॉकची ‘सिस्टिमटाइम’ एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. टायमरमध्ये आताची वेळ आणि ती वेळ यांतला फरक ५००० मिलिसेकंदांच्या वर गेला, की आकडा पुसून ‘संपर्क नाही’ असे लाल अक्षरांत दाखवा.