सीएसआर निधीसाठी अर्ज करताय? या चुका टाळा

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्यानुसार सामाजिक कामावर करायचा खर्च. त्या निधीसाठी तालुक्याच्या ठिकाणी जीव ओतून काम करणाऱ्या संस्थेने पाठवलेला प्रस्ताव परत आला की कार्यकर्त्यांना वाटतं, आपलं इंग्रजी कमी पडलं. बहुतेक वेळा इंग्रजीचा दोष नसतो. संस्थेचे कागद एक सांगतात, बजेट दुसरं आणि प्रस्ताव तिसरंच. कंपनीचा माणूस तुमचं काम बघायला गावात येतो तो पुढे कधीतरी. त्याआधी त्याच्यापुढे असतो फक्त अर्ज, आणि तो ताळमेळ बघतो.

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते शेड्यूल एकच्या उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या नकलेवर. वारलेले, राजीनामा दिलेले विश्वस्त त्यात अजून तसेच असतात आणि अर्जावर सही करणाऱ्या अध्यक्षांचं नावच नसतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो द्यायचा राहतो, किंवा दिलेला वर्षानुवर्षं प्रलंबित पडतो. प्रलंबित असेल तर लपवू नका. दाखल केल्याची पोच आणि विश्वस्त मंडळाच्या ठरावाची प्रत जोडा, सोबत दोन ओळींत स्थिती लिहा. उशीर समजून घेणारे अधिकारी भेटतात. न सांगितलेली गोष्ट तपासणीत सापडली, तर मात्र पुढचा प्रत्येक कागद संशयाने वाचला जातो.

१२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या प्राप्तिकर प्रमाणपत्रांवरची मुदत आजच काढून बघा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी करायचा असतो. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ही कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची संस्थेची नोंदणीही सक्तीची आहे; तिच्या क्रमांकाशिवाय कंपनी तुमच्यामार्फत सीएसआरचं काम करूच शकत नाही. शिवाय संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून दहा वर्षं वाचनालयं चालवलेल्या संस्थेने, कंपनी यंदा जलसंधारणाला पैसे देतेय म्हणून बंधाऱ्यांचा प्रस्ताव पाठवू नये. सीएसआरचा पैसा कोणत्या कामांना देता येतो, त्याच्या कंपनी कायद्यातल्या यादीत, म्हणजे सातव्या अनुसूचीत, शिक्षणही आहेच. त्या कामाला निधी देणारी कंपनी शोधा.

आता बजेट. इथे घाई अजिबात नको. समजा, १२ वाड्यांवर अभ्यासिका चालवायच्या आहेत. प्रत्येक ताईला महिना ६,००० रुपये मानधन, वर्षाचे ८,६४,००० रुपये. आकडेमोड बरोबर आहे. पण प्रस्तावात तुम्हीच लिहिलंय की अभ्यासिका जून ते मार्च चालतील, म्हणजे दहा महिने. मग उरलेल्या दोन महिन्यांचं मानधन कशाचं? उत्तर असू शकतं: एप्रिलमध्ये मुलांची चाचणी, मे महिन्यात ताईंचं प्रशिक्षण. ते उत्तर बजेटच्या ओळीसमोरच लिहा. विचारायची वाट बघू नका. आणि 'प्रवास व इतर – २,००,०००' अशी ओळ कधीच नको. कोण, कुठून कुठे, महिन्यातून किती वेळा, एसटीने की दुचाकीने, हे मांडलं की तोच आकडा पटतो.

कार्यालयाचं भाडं, हिशेबनीसाचा पगार, ऑडिटची फी हे खर्च भीतीपोटी वगळले जातात. 'पाच टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. सीएसआर नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेच्या खर्चावर नाही. एखादी कंपनी स्वतःच्या धोरणात वेगळी मर्यादा घालते, तेव्हा ती आधी विचारून घ्या. पण खरा खर्च लपवून प्रकल्प स्वस्त दाखवला, तर वर्षभर तो भार कार्यकर्त्यांच्या तुटपुंज्या मानधनावर पडतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

गरज मांडताना राज्याची आकडेवारी दोन पानं भरून देऊ नका. तुमच्या गावातल्या अंगणवाडीच्या वजन नोंदी, शाळेचा हजेरीपट, टँकरच्या फेऱ्या हे तुमच्याइतकं जवळून कुणाला माहीत आहे? 'सर्वांगीण विकास' हे उद्दिष्ट मोजता येत नाही. 'तिसरी ते पाचवीच्या १८० मुलांपैकी आज किती जणांना परिच्छेद वाचता येतो आणि मार्चअखेर किती जणांना यावा' हे मोजता येतं. आजचा आकडा मात्र अर्जाआधी खरोखर मोजलेला हवा, नाहीतर मार्चमधल्या प्रगतीला आधारच राहत नाही.

वेळेचंही तसंच. कंपनीची सीएसआर समिती वर्षाचा कृती आराखडा ठरवते, तेव्हा तुमचं नाव त्यांच्यापुढे असायला हवं. फेब्रुवारीत अर्ज केलात तर वाट्याला येतो तो शिल्लक निधी, तोही मार्चअखेर संपवायच्या घाईचा. एप्रिलपासून काम सुरू करायचं असेल, तर दिवाळीनंतर लगेच भेटीगाठी सुरू करा आणि एक-दोन पानांची टिपणी हातात ठेवा. पूर्ण प्रस्ताव त्यांनी मागितल्यावर, त्यांच्याच नमुन्यात द्या.