‘बनगरवाडी’ दुसऱ्यांदा वाचताना

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. पहिलं वाचन गोष्टीसाठी करा, मध्ये थांबू नका. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घ्या.

मी समासात तीनच गोष्टी टिपते: पाऊस, गवत, मेंढरं. औंध संस्थानातल्या या धनगरवस्तीत तरुण मास्तर येतो, तिथपासून दुष्काळात वाडी ओस पडते तिथपर्यंतच्या या खुणा सलग वाचून पाहा. माणसं का गेली, हे मला संवादांपेक्षा त्या खुणांतून जास्त कळलं.

गोष्ट मास्तर स्वतः सांगतो, मागे वळून. म्हणून वर्णनापाशी थांबून विचारा, हे त्याला तेव्हाच दिसलं होतं, की वाडी सुटल्यावर आठवतंय? उत्तर नेहमी मिळत नाही. तरी विचारा.

मग एखाद्या जाणत्या माणसाला उतारे मोठ्यानं वाचून दाखवा. माझं आजोळ आटपाडीकडचं, कादंबरीतल्याच माणदेशी मुलखातलं. आजी ऐकता ऐकता म्हणाली, “कुसळी गवत वाळलं की त्याची टोकं मेंढराच्या लोकरीत शिरत्यात, कातडीला टोचत्यात. तुझा आजा रात्री कंदिलापाशी बसून एकेक काढायचा.” हे पुस्तकात नाही, पण त्या दिवसापासून ‘माळ’ हा शब्द मला बोटांना जाणवतो. असं ऐकलेलं त्या-त्या पानावर तारखेसह लिहून ठेवा.

जमलं तर मे महिन्यात म्हसवडहून आटपाडीला एसटीनं जा. खिडकीशी बसा, पुस्तक मिटून.