परसातली तुळस, किराईत, गवती चहा: काढताना आणि वाळवताना या चुका टाळा

गेल्या वर्षी श्रावणात गोव्यातल्या डिचोलीच्या घरी मी तुळशीची बरणी उघडली आणि ओल्या गोणपाटासारखा वास नाकात शिरला. वरची पानं हाताला कुरकुरीत लागत होती. खाली हात घातला तर काड्या मऊ, आणि त्यांच्यामध्ये कोळिष्टकासारखे पांढरे धागे. काकीनं बरणी हातातून घेतली, एक काडी वाकवून बघितली आणि म्हणाली, "पान वाळलं होतं रे, काडी खंय वाळली होती?"

आपल्याकडे परसातली बहुतेक औषधी झाडं इथेच वाया जातात. तीन-चार महिने पाणी घालायचं, कीड वेचायची, आणि शेवटच्या चार दिवसांत घाई करायची. पान पातळ असतं, ते दोन दिवसांत सुकतं. काडीच्या आतलं पाणी मात्र तसंच राहतं, आणि बरणीचं झाकण लावलं की तेच पाणी हळूहळू पानात परत येतं. म्हणून खूण पानाची धरू नका, काडीची धरा. जाड काडी दोन बोटांत वाकवली की 'कट्' करून मोडली पाहिजे. नुसती वाकली तर आणखी दोन दिवस थांबा. मी तर आता पानं काड्यांवरून ओरबाडून वेगळीच वाळवतो, काड्या काढ्यासाठी निराळ्या.

काढायची वेळ चुकते ती अशी

तुळस मंजिऱ्यांवर आली की तिच्यात सुगंधी तेल भरपूर असतं. मंजिऱ्या तपकिरी होऊन बी झडायला लागलं की झाड चिवट होतं आणि पानं बारीक राहतात. म्हणजे फुलोऱ्यात काढायची, बी धरेपर्यंत वाट पाहायची नाही. वृंदावनातली तुळस मात्र या हिशेबात धरू नका. व्हडल्या दिवाळीला जिचं लग्न लावायचं तिला कात्री लावायला आमच्या घरात कुणी तयार होत नाही, आणि ते बरोबरच आहे. औषधाची तुळस परसात वेगळी लावा, चार-पाच रोपं पुरे होतात.

किराईत, म्हणजे काळमेघ, वर्षायू आहे. पावसाच्या तोंडावर पेरलेली किराईत पाऊस ओसरता ओसरता फुलू लागते. फुलं दिसायला लागली की कापा, कारण कडूपणा मुख्यतः पानांत असतो आणि फुलोरा सरला की पानं गळत जातात. बी हवं असेल तर दोन रोपं तशीच राखा. पुष्कळ जण हे झाड मुळासकट उपटतात. त्याची गरज नाही. जमिनीपासून वीतभर ठेवून कापलं तर ओल असेपर्यंत पुन्हा फुटवा येतो.

दिवसातली वेळही महत्त्वाची. सकाळी दव सुकलं की कापा, दुपारच्या उन्हात नको आणि पाऊस पडून गेल्या गेल्या तर मुळीच नको. धूळ असेल तर आदल्या दिवशी झाडावरच पाणी मारून धुवा, म्हणजे सकाळपर्यंत ते निथळतं. कापून झाल्यावर बादलीत बुडवून धुतलेली तुळस पावसाळी हवेत वाळत घालायची म्हणजे बुरशीला हाताला धरून घरात आणणं. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी केली असेल तर काढणीच्या निदान आठवडाभर आधी ती थांबवा, नाहीतर काढ्याला तोच वास येतो.

हात हलका ठेवा

तुळशीच्या पानावर तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. पान चुरलं की बोटांना जो घमघमाट येतो तो पानातून गेलेला असतो. म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून आणू नका, सुपात किंवा पसरट टोपलीत सैल ठेवा. धारदार कात्री वापरा. बोथट विळ्यानं खेचलं की फांदी सोलून निघते आणि त्या जखमेतून झाड कुजतं. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नका आणि खालच्या जुन्या लाकडी भागाला हात लावू नका, तिथून फुटवा क्वचितच येतो.

गवती चहाच्या ठोंबात हात घालण्याआधी काठीनं ठोंब हलवून घ्या. दाट गवताच्या बुडाशी जनावर बसलेलं असू शकतं, आणि आपल्या भागात फुरशी आहेत. पूर्ण बाह्यांचा सदराही घाला, पातीची धार बोटं कापते. कापताना बुडाशी चार बोटं ठेवा. चहासाठी ताजी पात मिळत असेल तर वाळवायच्या भानगडीत पडूच नका.

वाळवताना

ऊन हा मोह आहे. उन्हात पान लवकर सुकतं, पण फिकट पडतं आणि वास उडून जातो. पडवीत, सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळवा. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत इतकी ओल असते की नुसती पडवी पुरत नाही. तेव्हा बंद खोलीत पंख्याखाली जाळीवर किंवा जुन्या सुती लुगड्यावर एकच थर पसरा. वर्तमानपत्र नको, शाई ओल्या पानाला लागते. ढीगही नको. कापलेलं पान काही काळ जिवंत असतं, ढिगात ते तापतं आणि काळं पडतं. दिवसातून दोनदा हलक्या हातानं परता. चुलीवरच्या माळ्यावर घातलं तर वाळेल, पण त्याला धुराचा वास लागेल.

काय बिघडलं ते रंगावरून आणि वासावरून कळतं. पानं काळी पडली असतील तर ती चुरडली गेली किंवा ढिगात राहिली. फिकट आणि बिनवासाची झाली तर ऊन लागलं. सुक्या गवतासारखा वास येत असेल तर ओल रेंगाळली.

बरणी काचेची घ्या, आतून पूर्ण कोरडी. भरल्यावर पहिला आठवडा रोज झाकण उघडून वास घ्या. काचेला आतून दव धरलेलं दिसलं तर सगळं बाहेर काढून पुन्हा पसरा. त्या टप्प्यावर माल वाचतो. पण बुरशीचा एक धागा जरी दिसला तरी अख्खी बरणी टाकून द्या. वरचं काढून खालचं वापरू नका, "उकळलं की मरतं" असंही म्हणू नका. बुरशी मरेल, पण काही बुरशींचं विष उकळून जात नाही. मी ती श्रावणातली बरणी माडाच्या बुडात पुरली, जीव कळवळला तरी.

किराईत गरोदर बाईला देऊ नका, आणि कुणाची औषधं चालू असतील तर आधी वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारा. बरणीवर झाडाचं नाव आणि तारीख लिहा, कारण वाळल्यावर सगळी पानं सारखीच दिसतात. पूड आधीच करून ठेवू नका. पान अख्खं ठेवा आणि लागेल तेवढंच आयत्या वेळी हातावर चोळून घ्या.