मारताना गुलाबी, वाळल्यावर पांढरा: चुन्याची ही गंमत घरी करून बघा

हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, हे आपण सगळ्यांनीच वैतागून बघितलंय. रंग बदलणाऱ्या सीलिंग पेंटमागे हीच केमिस्ट्री आहे, अल्कली (साबणासारखी) लागली की रंग बदलतो. पांढऱ्या छतावर पांढराच रंग मारताना कुठे हात फिरला नि कुठे राहिला ते कळत नाही, म्हणून रंग आधी गुलाबी दिसेल आणि नंतर आपोआप पांढरा होईल अशी सोय केलेली असते.

हळद इथे चालणार नाही हं, लाली गेली तरी पिवळं मागे राहतंच. लागतं फिनॉल्फ्थॅलिन, कॉलेजच्या टायट्रेशनमधलं. पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, आकडा जितका मोठा तितकी अल्कली जास्त. साधारण ८ पीएचच्या खाली ते बिनरंगी, १० च्या आसपास मस्त गुलाबी. लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात त्याचं १ टक्क्याचं सोल्युशन मिळतं.

आधी हातमोजे नि चष्मा घाला, चुना डोळ्यात गेला तर खेळ संपला. कळीचा चुना घेऊ नका, पाणी टाकल्यावर तो उकळतो. विरवलेल्या चुन्याची पावडर आणा. पाव किलो चुना अर्धा लिटर पाण्यात कालवून जुन्या सुती कापडातून गाळा, नाहीतर कुंचल्याचे ओरखडे उठतात. मग त्यात दोन चमचे सोल्युशन टाकून ढवळा, चुना कडक अल्कली, म्हणून बादली एकदम गुलाबी होते (पोरांना लांबूनच दाखवा). सोल्युशनमध्ये स्पिरिट असतं, गॅसजवळ नको. थेट छतावर जाऊ नका, आधी सिमेंटच्या तुकड्यावर पातळ हात मारा.

आता वाट बघा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, पीएच उतरतो आणि गुलाबी विरत जातो. पातळ थराला काही तास, जाड थराला एखाद-दोन दिवसही लागतात.

मी आधी शहाणपणा करून उरलेल्या इमल्शनमध्येच (भिंतीच्या तयार रंगात) सोल्युशन ओतलं होतं, काहीच झालं नाही, कारण त्याचा पीएच मुळात ८-९ च्या आसपास, गुलाबी यायला तेवढा पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या तुकड्यावर पाणी शिंपडून बघा. जिथे चुना अजून कच्चा आहे, म्हणजे त्याचं कार्बोनेट झालेलं नाही, तिथे गुलाबी परत उगवतो! काँक्रीट तपासणारे इंजिनिअर हेच करतात, ताज्या फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिन मारतात, गुलाबी झालं तर आतली सळई अजून गंजापासून सांभाळलेली आहे, कोरं राहिलं तर कार्बन डायऑक्साइड तिथवर पोचलाय.