कोरीव अस्वल ‘ब्लॅक फॉरेस्ट’चं? या चुका टाळा

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये छत्र्यांचं स्टँड धरून उभं असलेलं लाकडी अस्वल दिसलं, की खाली हमखास ‘ब्लॅक फॉरेस्ट’ लिहिलेलं असतं. सगळ्यात जुनी चूक हीच. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टची खरी ओळख कुकू घड्याळांची. अस्वलं, बाकं, हॅटस्टँड हा मुख्यतः स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएंत्सचा माल. 1816 च्या उपासमारीच्या सुमारास तिथे ख्रिस्टियान फिशर या कातारी (लेथवर लाकूड कातणाऱ्या) कारागिरानं कोरीवकामाला सुरुवात केली असं मानतात. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनानं या कामाला जगभरचं गिऱ्हाईक मिळवून दिलं, आणि 1884 मध्ये गावात कोरीवकामाची शाळाच निघाली. ब्रिएंत्स ज्यात येतं त्या बर्न कॅन्टनच्या, म्हणजे प्रांताच्या, झेंड्यावर अस्वल आहे, तेव्हा अस्वलच का, हा प्रश्न उरत नाही.

दुसरी चूक महागात पडते: पॉलिशपेपर. आपल्याकडे मुंबईत त्याच शतकात साहेबलोकांसाठी घडवलेलं शिसवी फर्निचर घासलं, तर आतही लाकूड गडदच निघतं. ब्रिएंत्सचं बरंचसं काम मात्र फिकट लिंडेन लाकडाचं, वरून अक्रोडासारखा गडद रंग दिलेलं. नाकावर, कानांच्या कडांवर रंग उडून पिवळसर लाकूड दिसतं, म्हणून कुणीतरी ‘एकसारखं’ करायला घेतं. अंगावरचा एकेक केस बारीक पटाशीनं ओढलेला असतो; चार हात मारले की केस गेले, उरला गुळगुळीत डुक्कर. मऊ ब्रशनं धूळ झटका, बस्स. तुटलेला पंजाही फेव्हिकॉलनं चिकटवू नका. सरसाचा जोड पुढे कुणाला सोडवता येतो, फेव्हिकॉलचा नाही.

‘जुनं म्हणजे हातचं’ हेही धरून चालू नका. टॉमस जॉर्डननं 1845 मध्ये कोरीवकामाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लंडनच्या संसदभवनाचं लाकूडकाम त्यावरच ओबडधोबड कोरून घेतलं गेलं. शेवटचा हात कारागिराचा.

आरशाच्या चौकटीवरची वेलबुट्टी तर अनेकदा लाकूडच नसते. खडूची पूड, सरस, राळ आणि जवसाचं तेल मळून साच्यात दाबलेला तो लगदा असतो. पाहायची खूण सोपी: आडव्या बारीक भेगा थोड्याथोड्या अंतरावर पडलेल्या असतात आणि फुटलेल्या जागी लाकडाचा रेषा दिसत नाही. अशा चौकटीला ओलं फडकं लावू नका, सरस मऊ पडून पानं सुटतात.