वृद्धांच्या शुश्रूषेत नव्याने येताय? आधी पाठ बघायला शिका

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाल्यावर माझी पहिली नोकरी एका वृद्धाश्रमात होती. तिसऱ्याच आठवड्यात खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी आमच्याकडे आल्या. शनिवारी अंग पुसताना त्यांच्या माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला. पडून पडून आला असेल म्हणून मी पावडर लावली आणि ड्यूटी संपवून घरी गेले. रजिस्टरमध्ये काहीच लिहिलं नाही. सोमवारी आले तर तिथली कातडी सोलवटली होती. ती जखम भरायला अडीच महिने लागले. आजींनी मला एकदाही बोल लावला नाही. ड्रेसिंग करताना फक्त चादरीची कड मुठीत घट्ट धरायच्या.

या कामात येणाऱ्या मुली-मुलं विचारतात, सुरुवात कुठून करू? मी सांगते, रोज अंघोळीच्या वेळी पाठ बघण्यापासून. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं, डोक्याची मागची बाजू. लाल दिसलं की बोटाने दाबून सोडा. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर अजून वेळ गेलेली नाही. दाबूनही लालच राहिली, तर बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, सुरू झालाय. सावळ्या अंगावर लाली चटकन कळत नाही, म्हणून हात लावून बघा, ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का. तिथे चोळू नका. स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळायची जुनी पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी दिसते, पण लाल झालेल्या जागी चोळल्याने आतली इजा वाढते. रबरी गोल रिंगही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी दबतो. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी द्यायची. वर सरकवताना ओढायचं नाही, दोघांनी मिळून चादरीसकट उचलायचं. एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलणं चुकत नाही.

त्या सोमवारी मेट्रनबाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी आजींच्या पलंगाला एक कागद टांगला. त्यावर वेळ, कूस आणि सही असे तीन रकाने होते. रात्रपाळीला सही राहिली की सकाळी लगेच कळायचं. इतक्या साध्या कागदाने आमच्या कामाची पद्धत बदलली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग पडण्याचंही रजिस्टर केलं. कोण पडलं एवढंच लिहून उपयोग नसतो. किती वाजता, कुठे, पायात काय होतं, दिवा होता का, आधी कोणती गोळी घेतली होती, हेही लिहायचं. दोन महिन्यांनी मावशी, मामा, आम्ही सिस्टर, सगळ्यांनी बसून ते वाचलं. बहुतेक जण पहाटे, बाथरूमला जाताना पडले होते. त्या वेळी रात्रीच्या मावशी डायपर बदलण्यात अडकलेल्या असायच्या. आम्ही पहाटे चारला एक फेरी लावली आणि स्वतःहून विचारू लागलो, "आजोबा, बाथरूमला जायचंय का?" पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवे लावले. उठल्यावर दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायला सांगितलं, कारण झटकन उभं राहिलं की बीपी उतरतं. झोपेच्या आणि लघवीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोललो. पलंगाला बांधून ठेवणं हा उपाय नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

"वय झालंय, असं होणारच" हे वाक्य या क्षेत्रात फार घात करतं. एक निवृत्त मास्तर रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे. एका संध्याकाळी ते मला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाका मारू लागले, रात्रभर झोपले नाहीत. सगळे म्हणाले, विसरभोळेपणा सुरू झाला. पण स्मृतिभ्रंश एका रात्रीत येत नाही. लघवी तपासली तर इन्फेक्शन निघालं. ताप अजिबात नव्हता. म्हाताऱ्या माणसांत असं होतं, म्हणून अचानक झालेला बदल लगेच डॉक्टरांना कळवायचा. आणि बदल ओळखायला माणूस आधी माहीत असावा लागतो. शब्दकोडं कोण सोडवतं, चहात साखर किती लागते, कवळी सैल झाल्यामुळे तर जेवण सुटलं नाही ना, हे सगळं आपल्या कामातच येतं.

आता शिक्षणाचं. जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णाच्या मदतनिसाचा, कोर्स काही महिन्यांचा असतो, एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचा, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. घरोघरी नर्स-मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोतर्फे काम करणार असाल तर बारा तास की चोवीस तास, झोपायचं कधी, सुट्टी कधी, घरातला स्वयंपाक-धुणं कोणाकडे, हे आधीच ठरवून घ्या. जागून थकलेल्या हातून चुका होतात आणि त्या पलंगावरच्या माणसाला भोगाव्या लागतात. एखाद्या घरात आजी-आजोबांना मारहाण किंवा उपासमार होताना दिसली तर गप्प बसू नका. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, हेही त्यांना सांगा.

वृद्धाश्रमात मुलाखतीला जाल तेव्हा रात्रपाळीला किती जण असतात ते विचारा. पडण्याचं रजिस्टर बघायला मागा. "आमच्याकडे कोणी पडतच नाही" असं उत्तर आलं, तर तिथे कोणी लिहून ठेवत नाही असं समजा.