अपहरणाचा तपास आणि कट्ट्यावरचे तज्ज्ञ : या चुका टाळा

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोरच म्हशीची धार काढून ग्लास हातात देतात. तो रिकामा होईपर्यंत कोल्हापुरात एखाद्या गुन्ह्याचा छडा लागलेला असतो. मूल बेपत्ता झाल्याची बातमी असली तर त्याच्याही आधी. "घरातलाच कोणतरी हाय बघ." "न्हाय रं भावा, टोळी उतरलीया." "डीएनए झाला म्हणं. पोलिसांस्नी सगळं म्हाईत हाय, दाबलंय प्रकरण."

मी बरीच वर्षं इथे एका दैनिकाला पोलिसांच्या बातम्या दिल्या, त्यामुळे कट्टा मला परका नाही. त्याच्याहून मी शहाणा होतो असंही नाही. एकदा बेपत्ता मुलाच्या तपासात पोलिसांनी एक टेम्पो ताब्यात घेतला. हौद्यात तांबडे डाग होते. मी 'टेम्पोत रक्ताचे डाग' असं छापून मोकळा झालो. पुढे अहवाल आला, ते रक्तच नव्हतं. दरम्यान टेम्पोवाल्याच्या घराच्या काचा फुटल्या होत्या आणि मुलाच्या आईने अन्न सोडलं होतं. मुलगा महिन्याभराने पुण्यात एका हॉटेलात भांडी घासताना सापडला, घरातून रागावून गेला होता. दुरुस्ती आम्ही आतल्या पानावर तीन ओळींत दिली. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केलेल्या आहेत.

'अपहरण' शब्द वाचून टोळी शोधायला निघणं

ही पहिली चूक, आणि तिचं मूळ कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण झालं असं गृहीत धरूनच गुन्हा नोंदवायचा. म्हणजे दहावीचा निकाल लागल्यावर घर सोडलेला मुलगा, सतरा वर्षांची प्रेमात पडून गेलेली मुलगी, मामाच्या गावाला न सांगता गेलेलं पोरगं, या सगळ्यांची फिर्याद अज्ञाताविरुद्ध अपहरणाचीच होते. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३६३ लागायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ लागतं. नियम चांगलाच आहे, कारण पूर्वी 'बघू, येईल दोन दिवसांत' म्हणून नुसती मिसिंगची नोंद व्हायची आणि तपासाचे पहिले तास वाया जायचे. पण बातमीत 'अपहरणाचा गुन्हा दाखल' एवढंच येतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काळ्या काचांची गाडी उभी राहते. खंडणीसाठी नेल्याचं कलम वेगळं आहे. कुठलं कलम लागलंय तेवढं आधी बघा.

घटनास्थळ 'बघून यायला' जाणं

याबद्दल फार बोलायला नको. तिथे उभ्या राहिलेल्या प्रत्येकाच्या चपलेचा ठसा, टाकलेली पिंक आणि विडीचं थोटूक पुढे पोलिसांना वेगळं काढावं लागतं.

सीए रिपोर्ट म्हणजे निकाल, असं समजणं

रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाला पोलीस सीए रिपोर्ट म्हणतात. लोकांची समजूत अशी की प्रयोगशाळेत वस्तू जाते आणि तिथून 'गुन्हेगार हा' असं लिहून येतं. प्रत्यक्षात दोन पंचांसमोर पंचनामा होतो. वस्तू वाळवून कागदी पाकिटात भरतात, कारण ओला डाग प्लॅस्टिकमध्ये कुजतो. लाखेचं सील लागतं, मुद्देमाल कारकुनाच्या नोंदवहीत आकडा पडतो आणि पाकिटाबरोबर पोलिसांचं पत्र जातं. त्या पत्रात प्रश्न असतात. हे रक्त आहे का? माणसाचं आहे का? नमुना 'अ'शी जुळतं का? प्रयोगशाळा तेवढ्याच प्रश्नांची उत्तरं देते. रक्त तिथे कधी पडलं, कुणी सांडलं, कशामुळे सांडलं हे तिला कुणी विचारलेलं नसतं आणि बहुतेक वेळा सांगताही येत नसतं. आपण मात्र उत्तर वाचून प्रश्न मनाने बदलतो. 'रक्त माणसाचं आहे' याचं कट्ट्यावर पोहोचेपर्यंत 'पोराला गाडीत मारलं' होतं.

अहवाल यायच्या आधीची अवस्था तर आणखी घसरडी. अंधारात फवारा मारला की रक्ताचा डाग निळसर चमकतो, हे मालिकांमुळे सगळ्यांना पाठ आहे. ते ल्युमिनॉल. पण ते ब्लीचवरही चमकतं, तांब्याच्या कणांवरही, आणि काही भाज्यांतल्या विकरांमुळेसुद्धा. उद्यमनगरातल्या एखाद्या शेडमध्ये धातूचा कीस वर्षानुवर्षं जमिनीत मुरलेला असतो. तिथे फवारा मारला तर काय काय चमकेल याचा विचार करा. ही चाचणी फक्त 'इथे नीट बघा' एवढंच सांगते. पुढची खात्री निराळ्या तपासणीने होते.

डीएनए जुळला, विषय संपला

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

पोर्तुगालमध्ये ३ मे २००७ च्या रात्री मॅडलीन मॅकॅन ही ब्रिटिश मुलगी सुट्टीच्या घरातून नाहीशी झाली. चार वर्षांची व्हायला तिला काही दिवस बाकी होते. ती आजही सापडलेली नाही. आईवडिलांनी एक गाडी भाड्याने घेतली होती. तिच्यातल्या नमुन्याबद्दल ब्रिटिश प्रयोगशाळेने कळवलं की मुलीच्या डीएनए प्रोफाइलमधल्या १९ पैकी १५ घटक त्यात दिसतात. पेपरांनी आकडा उचलला. १९ पैकी १५ म्हणजे आपल्या हिशेबाने डिस्टिंक्शनच की! पण त्याच पत्रात पुढे लिहिलं होतं की नमुना किमान तीन माणसांचा मिसळलेला आहे आणि हे घटक कुणा एकाचेच असतात असं नाही. मुलीचे घटक अर्धे आईकडून आणि अर्धे बापाकडून आलेले, आणि घरातली सगळी माणसं त्या गाडीत बसलेली. म्हणून निष्कर्ष काढता येत नाही, असं त्या शास्त्रज्ञाने स्वच्छ म्हटलं होतं. आणखी एक गोष्ट कट्ट्यावर कुणी विचारली नाही. ती गाडी मुलगी नाहीशी झाल्यावर तीनेक आठवड्यांनी भाड्याने घेतली होती. तरी सप्टेंबर २००७ मध्ये आईवडील अधिकृत संशयित झाले आणि जुलै २००८ मध्ये तो शिक्का निघाला. त्याआधी मार्च २००८ मध्ये ब्रिटनमधल्या एका वृत्तपत्र समूहाला पहिल्या पानावर माफी मागून साडेपाच लाख पौंड द्यावे लागले होते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'डीएनए जुळला' म्हणालं की तीन गोष्टी विचारा. कुणाच्या नमुन्याशी जुळवून बघितला? तो एकाचा होता की मिसळलेला? आणि त्या माणसाचा डीएनए तिथे एरवीही सापडलाच असता का? घरातल्या उशीवर घरातल्याच माणसाचा डीएनए सापडणं यात बातमी काहीच नाही.

उलट बाजूही आहे. जर्मनीत हाइलब्रॉन शहरात २००७ मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला आणि तिथे एका अनोळखी बाईचा डीएनए मिळाला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या कित्येक गुन्ह्यांत निघत राहिला. अख्खा युरोप त्या बाईच्या मागे. २००९ मध्ये कळलं की ती नमुने गोळा करायच्या कापसाच्या काड्या भरणाऱ्या कारखान्यातली कामगार होती. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. 'अनोळखी डीएनए मिळाला, म्हणजे बाहेरचाच' असं म्हणताना हे आठवावं.

'श्वान तिथेच घुटमळले'

आमच्या धंद्यातलं हे आवडतं वाक्य. मीही चाळीस-पन्नास वेळा तरी लिहिलं असेल. कुत्रं रस्त्यापर्यंत गेलं म्हणजे गाडीतून नेलं, असा अर्थ लगेच निघतो. कदाचित असेलही. कदाचित त्या रस्त्यावर मधल्या काळात शेळ्यांचा कळप गेला असेल किंवा वळवाची सर येऊन गेली असेल. श्वान तपासाला दिशा देतो, पण केवळ त्याच्या मागावर न्यायालय कुणाला दोषी धरत नाही.

टॉवर लोकेशनचंही तेच. टॉवर म्हणजे घराचा पत्ता नव्हे. शहरात तो काही शे मीटरचा परिसर सांगतो आणि गगनबावड्याकडे डोंगरात काही किलोमीटरचा. कागलच्या पुढे तर फोन केव्हा पलीकडचा टॉवर धरेल याचा नेम नाही. 'शेवटचं लोकेशन निपाणी' ऐकून लगेच कर्नाटक गाठू नका. शिवाय टॉवरला फोन कुठे होता ते कळतं. तो कुणाच्या खिशात होता हे त्याला कळत नाही.

सीसीटीव्हीत मोठी भानगड घड्याळाची. दुकानातल्या डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, वेळ दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे असणं नेहमीचंच. पोलीस पंचनाम्यात हा फरक लिहितात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या क्लिपला तो पंचनामा चिकटलेला नसतो. तुमच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात काही आलं असेल तर डीव्हीआर बंद करू नका, क्लिप ग्रुपवर टाकू नका, पोलिसांना लगेच कळवा. बऱ्याच यंत्रांत जुन्या चित्रणावर काही आठवड्यांत नवं चढतं. ते प्रमाणपत्रासह नीट काढलेलं असलं तरच पुढे कोर्टात टिकतं.

'नार्को करा की!'

सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, सर्वोच्च न्यायालय, २०१० : संमतीशिवाय नार्को (औषधाच्या गुंगीत प्रश्न विचारणं), लाय डिटेक्टर किंवा ब्रेन मॅपिंग करता येत नाही. आणि पोलिसांसमोर 'कबुली दिली' ही मोठ्या टायपातली बातमीसुद्धा कोर्टात पुरावा ठरत नाही. त्या कबुलीतून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर तेवढ्यापुरताच भाग धरतात. म्हणून तर पोलीस आरोपीला घेऊन पंचांसह पुन्हा ओढ्याकाठी जातात.

आई रडली नाही, म्हणजे...

माझ्या मते ही सगळ्यात दुष्ट चूक. कॅमेऱ्यासमोर बाईने पदर नीट केला, लिपस्टिक लावली, बोलताना डोळ्यांत पाणी नव्हतं. एवढ्यावर आपण तिला आरोपी करतो. त्यात अमावास्या जवळ आलेली असली तर नरबळी येतोच.

ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये उलुरूजवळच्या तळावरून अझारिया नावाचं नऊ आठवड्यांचं बाळ गेलं. आई सांगत होती, डिंगो म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने नेलं. पण ती पुरेशी रडत नव्हती आणि कुटुंब एका छोट्या ख्रिस्ती पंथाचं होतं. अझारिया या नावाचा अर्थच 'रानातला बळी' आहे अशी अफवा उठली. अफवा खोटी होती, पण चिकटली. त्यात गाडीच्या पुढच्या भागात बाळाचं रक्त सापडल्याची तज्ज्ञांची साक्ष आली आणि १९८२ मध्ये आईला जन्मठेप झाली. पुढे निष्पन्न झालं की ते 'रक्त' म्हणजे गाडीचा आवाज कमी करायला कारखान्यातच मारलेल्या लेपाचे थेंब होते. १९८६ मध्ये बाळाचं जाकीट सापडलं आणि ती सुटली. डिंगोनेच नेलं, असा अधिकृत निष्कर्ष लागायला २०१२ उजाडलं. माझ्या टेम्पोची आठवण मला या गाडीमुळेच सारखी येते.

प्रत्येक प्रकरणात गावित बहिणी शोधणं

कोल्हापूरच्या पोटात एक भीती कायमची बसली आहे, आणि ती उगाच नाही. अंजना गावित आणि तिच्या मुली रेणुका आणि सीमा १९९६ मध्ये पकडल्या गेल्या. लहान मुलं पळवायची, गर्दीत चोऱ्या करताना त्यांना कडेवर ठेवायचं आणि अडचण झाली की मारून टाकायचं, असा तो प्रकार. आई खटल्याआधीच मेली. बहिणींना इथल्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली. दयेच्या अर्जांना झालेल्या विलंबामुळे उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तिची जन्मठेप केली. त्या खटल्याचा मोठा आधार माफीचा साक्षीदार झालेल्या रेणुकाच्या नवऱ्याची साक्ष हा होता. मूत्रपिंडं काढून विकणारी टोळी वगैरे त्यात काही नव्हतं. तरी आजही प्रत्येक फॉरवर्डमध्ये दोन बायका आणि एक पोतं असतंच.

ही भीती काय करते ते आपण शेजारी पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. नशिबाने ते वाचले.

आणि आधीच फॉरवर्ड केलं असेल तर

संदेश सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण दोन-अडीच दिवस मिळतात. तेवढ्यात करून टाका. उशीर झाला असेल तर त्याच ग्रुपवर, त्याच लोकांना 'मी टाकलेलं खात्रीचं नव्हतं' असं लिहा. तालमीच्या ग्रुपवर दोन दिवस चेष्टा होईल, होऊ दे. संशयित म्हणून कुणाचा फोटो टाकला असेल तर त्या माणसाच्या जिवाला धोका आहे असं समजून पोलिसांना कळवा.

मुलाचा फोटो टाकला असेल तर मूल सापडल्यावर तो काढायला विसरू नका. पीडित मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी त्या पोराला पुढे शाळेत जायचं असतं. माझ्या फोनमध्ये गेल्या आठवड्यात एक 'हरवला आहे' आला. त्यातला मुलगा तीन वर्षांपूर्वीच घरी परतला आहे. आता त्याला मिसरूड फुटलंय.

आणि तुम्ही खरंच काही पाहिलं असेल, गाडीचा नंबर, रडणारं मूल, वेळ, तर ते कट्ट्यावर सांगायच्या आधी ११२ ला सांगा, किंवा मुलांसाठीच्या १०९८ ला. कट्ट्यावर चार वेळा सांगितलं की पाचव्या वेळी गाडीचा रंग बदललेला असतो. बचाव पक्षाचा वकील कसबा बावड्यातल्या कोर्टात तुम्हाला नेमका तोच रंग विचारतो.